माघात भेटलेला मृग

आमच्या देवगडात माघ महिन्यात पावसाचे नाव काढणाऱ्या माणसाकडे लोक वाईट नजरेने पाहतात. कलमांवर मोहोर असतो, काही झाडांवर कणी धरलेली असते आणि अशा वेळी नुसते आभाळ भरून आले तरी तुडतुडा आणि भुरीच्या धास्तीने बागायतदाराची झोप उडते. त्यामुळे ऐन माघात, चाळीस कलमांची जबाबदारी यजमानांवर टाकून, मी मुद्दाम पाऊस पाहायला मॉरिशसला निघाले आहे हे वाडीत सांगताना मला ओशाळल्यासारखेच झाले. शेजारच्या काकूंनी तर स्पष्टच विचारले, "गो, पाऊस बघूक इमानात बसतत?"

त्याचे कारण जुने आहे. रत्नागिरीला महाविद्यालयात असताना मी आणि माझी मैत्रीण तीन वर्षे एका खोलीत राहिलो. पुढे मी पोस्टात लागले आणि ती लग्न होऊन मॉरिशसला गेली. तिच्या सासरच्या घराण्याचा मूळ पुरुष दीडशे वर्षांपूर्वी मजुरीसाठी तिकडे गेलेला होता. तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि ती तोच विषय शिकवते. शाळेची मोठी सुट्टी नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणून तिच्या माहेरच्या फेऱ्याही तेव्हाच होतात, आणि त्यामुळे गेल्या तेवीस वर्षांत तिने कोकणातला पाऊस पाहिलेलाच नाही. दर खेपेला ती वाळलेल्या गवताकडे आणि आटलेल्या व्हाळाकडे पाहत हीच तक्रार करायची. मी निवृत्त झाले तेव्हा तिला म्हटले, "तुला माझा पाऊस दिसत नाही, तर निदान मी तुझा पाऊस पाहते." तिकिटे काढून देणाऱ्याने मे ते नोव्हेंबर हा कोरडा आणि थंड काळ कसा उत्तम, जानेवारी ते मार्च हे दिवस कसे दमट, पावसाळी आणि वादळांचे, हे पोटतिडकीने समजावले. ते ऐकूनच मी फेब्रुवारी पक्का केला.

मुंबईहून विमानाला सुमारे सहा तास लागतात आणि उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते, पण खरा फरक घड्याळात नसून पंचांगात आहे. विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिणेला वीस अंशांवर हे बेट असल्यामुळे आपला माघ म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, आणि त्यांचा पाऊस उन्हाळ्यातच पडतो. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आहे. तिथून मैत्रिणीच्या वाक्वा गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना डोक्याइतका वाढलेला हिरवागार ऊस आणि त्या उसात मध्येच काळ्या दगडांचे रचलेले ढीग दिसत होते. शेत साफ करताना निघालेले ते दगड तिथल्या मजुरांच्या कित्येक पिढ्यांनी हातांनी उचलून रचलेले आहेत. हवेला ओल्या मातीचा वास होता. वाटेतच पहिली सर आली आणि मैत्रिणीचा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "लापली!" तिथल्या क्रिओल भाषेत पावसाला असे म्हणतात. मला मात्र ते 'लपली' ऐकू आले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत माझी खात्री पटली की हे नाव त्या पावसाला अगदी शोभून दिसते. दहा मिनिटे धबाधबा कोसळायचे, लगेच ऊन, मग डोंगराआडून पुन्हा एक सर. आमच्या आषाढासारखी एकदा बैठक मारली की चार-चार दिवस न उठणारी झड त्या पावसाला ठाऊक नाही. वाक्वा मधल्या पठारावर आहे, तिथे सारखे ढग अडतात. तिथून तासाभराच्या आत पश्चिम किनाऱ्यावर गेले की जमीन कोरडी आणि लोक उन्हात पहुडलेले. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर मधल्या पठारावर चार हजारांपर्यंत. एवढ्याशा बेटात एवढी तफावत का, असे मी विचारले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगो, गगनबावडा आणि कोल्हापूर यांत किती अंतर आहे?" मी गप्प बसले.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्याचे कारण कळायला बराच वेळ गेला. बाहेर पाऊस पडत होता, खिडकीच्या काचेवर तो दिसत होता, पण छपरावर त्याचा आवाज नव्हता. कौलांवरचा पाऊस, पन्हळीतून वाहणारे पाणी, अंगणातल्या चिऱ्यावर पडणाऱ्या पागोळ्या, यांतले काहीच नाही. सकाळी अंगणात उतरून मी घर नीट पाहिले. वर सपाट स्लॅब, कडेला पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळया, भिंतीतून खाली येणारा एक पाइप. शेजारचे घरही तसेच, त्याच्या शेजारचेही तसेच. एवढ्या पावसाच्या गावात उतरते छप्पर जवळजवळ नाहीच, हे मला केवढे विचित्र वाटले! आमच्याकडे सपाट स्लॅब घातलेल्या माणसालाही चार वर्षांत गळती लागते आणि मग तो निमूटपणे वर पत्र्याची शेड उभारतो.

याचे उत्तर मैत्रिणीच्या सासूबाईंनी दिले. त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या जवळ आहे. आरत्या, नमस्कार, नात्यांची नावे आणि स्वयंपाकघर एवढ्यापुरते त्यांचे मराठी, बाकी सगळे क्रिओल, आणि मैत्रीण मधे बसून अर्थ सांगत होती. १९६० च्या फेब्रुवारीअखेरीस कॅरोल नावाचे चक्रीवादळ बेटावरून गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या वादळात वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले होते. त्यांचे घर लाकडी फळ्यांचे आणि वर पत्र्याचे. पत्रा कसा गेला ते सांगताना त्यांनी डावा तळहात आडवा धरला आणि उजव्या हाताची बोटे त्याच्या खालून वर सरकवली. "वारा वरून दाबत नाही, खालून उचलतो," असे त्याचे भाषांतर मैत्रिणीने केले, पण ते करण्याची गरज नव्हती. आधी एक कोपरा फडफडू लागला, मग वारा आत शिरला आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे अख्खे छप्पर उलटून उसात जाऊन पडले. मग एकदम सगळे शांत झाले. वादळाचा डोळा बेटावर आला होता आणि तो एवढा मोठा होता की अख्खे बेट त्यात मावले. वादळ संपले असे समजून लोक बाहेर पडले, भांडी गोळा करू लागले. शेजारच्या म्हाताऱ्याने ओरडून सगळ्यांना उसाच्या गिरणीत नेले म्हणून ती माणसे वाचली, कारण काही तासांनी तेवढाच वारा उलट्या दिशेने आला. त्या वर्षी बेटावरची हजारो घरे नाहीशी झाली, आणि त्यानंतर लोकांनी मिळेल तेव्हा, मिळेल तसा पैसा साठवून सिमेंटची घरे बांधली. सपाट, जड, वाऱ्याला कुठे बोट घालायला जागा न देणारी.

त्या दिवशी मला आमच्या घराकडे पाहण्याची एक वेगळीच दृष्टी मिळाली. कोकणातले घर पावसाला भिऊन बांधलेले असते. छप्पर उतरते, वासे पुढे आलेले, पडवी रुंद, जोते उंच, पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झापे बांधायची आणि दर वर्षी कौले परतायची, हा सगळा व्यवहार पाण्याशी आहे. वाऱ्याचा विचार त्यात फारसा नाही, कारण आमचा वारा पावसाला घेऊन येतो, घर न्यायला येत नाही. निदान येत नसे. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन आणि दापोलीकडची छपरे नेली तेव्हाही आम्ही सिंधुदुर्गात हळहळलो आणि विसरलो. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले आणि आमच्या पडवीवरचे सहा पत्रे शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडले, झाडांवर उरलेल्या आंब्याचा खच तर विचारूच नका. त्या वेळीही मी पत्र्याच्या दर्जाला दोष दिला होता आणि नवे पत्रे पूर्वीसारखेच ठोकून घेतले होते.

पहिल्या आठवड्यात एका सकाळी मैत्रीण शाळेत जायची तयारी करत असतानाच रेडिओवर मुसळधार पावसाचा इशारा आला आणि शाळा बंद झाल्या. त्याचे माप असे की बारा तासांच्या आत सर्वदूर १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा आणि तो आणखी काही तास पडण्याची चिन्हे असावीत. मला हसू आवरेना. आमच्याकडे आषाढात शंभर मिलिमीटर पडला तर लोक 'आज जरा उघडीप आहे' म्हणून बाजाराला जातात, आणि आंबोलीला तर वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात आहे. हे मी बऱ्याच फुशारकीने बोलून दाखवले. मैत्रिणीने शांतपणे कपड्यांची घडी घालता घालता सांगितले की ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईमध्ये थोड्या वेळात असाच पाऊस कोसळला आणि भुयारी वाटेत आणि तळघरात शिरलेल्या पाण्याने अकरा माणसे गेली. डोंगर गावाच्या पाठीला चिकटलेला, समुद्र समोर, मधे पाण्याला वाट नाही. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळाच्या वेळी तिथल्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्याचे दृश्य मीही मोबाइलवर पाहिले होते, पण ते तिचे बेट आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नव्हते. नंतर मला चिपळूणचा पूर आठवला आणि माझी फुशारकी तिथेच संपली. त्या दिवशी आम्ही नीरफणसाची कापे तळली. झाड तेच आणि चवही तीच, फक्त तिथे त्याला 'फ्रियापेन' म्हणतात.

दुसऱ्या आठवड्यात ईशान्येला समुद्रात एक वादळ तयार झाले आणि घराचा रंगच बदलला. तिथे वादळाच्या इशाऱ्याचे वर्ग असतात. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याची शक्यता असली की त्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग जाहीर होतो आणि वादळ जवळ येईल तसतसा वर्ग चढत जातो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय वाक्वातच असल्यामुळे मैत्रिणीच्या घरी त्याबद्दल एक घरगुती जिव्हाळा आहे. पहिला वर्ग लागताच जे सुरू झाले ती मला हुबेहूब आमची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी वाटली, फक्त दोन महिन्यांची आगोट दोन दिवसांत उरकायची. पिंप भरून घेतले, तांदूळ, मेणबत्त्या आणि पाव आणला, कुंड्या आत घेतल्या, आंब्याची रस्त्यावर झुकलेली फांदी छाटली, रेडिओत नवे सेल घातले. मैत्रिणीच्या यजमानांनी खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून आडण्या घातल्या. सासूबाईंनी एक काम कोणालाही करू दिले नाही. मागच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर एक पत्रा होता, त्याच्या चारी कोपऱ्यांना तारा ओवून त्या त्यांनी जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना स्वतः पिळून बांधल्या आणि प्रत्येक तार बोटाने छेडून पाहिली. तंबोरा लावावा तशी.

वादळ दोनशे किलोमीटरवरून निघून गेले. दुसऱ्या वर्गापुढे इशारा चढला नाही. तरी त्या रात्री मी जो वारा ऐकला तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. पाऊस वरून पडतच नव्हता, तो बाजूने येत होता आणि झडपांच्या फटीतून त्याची बारीक धूळ आत उडत होती. वीज गेली. मी नेलेल्या कुळथाच्या पिठाची पिठी गॅसवर शिजवून आम्ही मेणबत्तीच्या उजेडात भाताबरोबर खाल्ली. आणि तेवढ्यात यजमानांचा फोन आला. आवाज काळजीने भरलेला. "अगं, इकडे सकाळपासून आभाळ आलंय. मोहोराचं काय होणार देव जाणे." मी फोन झडपेजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग ते म्हणाले, "ठीक आहे, ठेवतो." तिथे डिसेंबर-जानेवारीत आंबा पिकून संपतो आणि आमच्याकडे तेव्हा तो मोहोरत असतो. त्यामुळे एका घरात आंब्याची साल पावसात कुजत पडलेली आणि दुसऱ्या घरात चार थेंबांचीही धास्ती.

वादळ सरल्यावर आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेलो. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर उतरले, तिथून ही करारबद्ध मजुरांची आयात सुरू झाली आणि पुढे साडेचार लाखांवर माणसे या बंदरातून आली. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटले. पाहण्यासारखे म्हणाल तर काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, काही भिंती, न्हाणीघरांचे अवशेष. रिमझिम पाऊस होता आणि पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. सासूबाईंनी घरून निघताना पिशवीत एक कागद घेतला होता, तो तिथे छत्रीखाली मला दाखवला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल होती ती: क्रमांक, बापाचे नाव, उंची, कपाळावर व्रण, आणि गावाच्या जागी इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे वाटले तसे 'रटनाघेरी'. त्यापुढे तालुका नाही, गाव नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, तोवर आमचे देवगडही रत्नागिरीतच मोडत असे. म्हणजे तो माणूस खेडचा असेल, राजापूरचा असेल किंवा आमच्या वाडीतलाही असेल. हे सांगितल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथले मराठी लोक झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडी. ठेका कोणी कुठून नेला याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

शेवटच्या आठवड्यात मी हट्टाने दक्षिण टोकाला, सुइयाकच्या ग्री-ग्री किनाऱ्यावर गेले. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे, लाटा दूरवरच फुटतात आणि किनाऱ्याशी समुद्र तळ्यासारखा असतो. असला समुद्र पाहून दहा दिवसांत मला कंटाळा आला होता. ग्री-ग्रीला ते कडे नाही. तिथे लाट थेट काळ्या कड्यावर आदळते आणि विजयदुर्गाच्या तटाखाली जुलैत होतो तसा आवाज होतो. (भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत असे की सह्याद्रीचा काळा पाषाण आणि या बेटाचा पाषाण पृथ्वीच्या पोटातल्या एकाच चुलीतून निघाला, आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आणि त्यांचा फार नंतर. कड्यावर हात ठेवून पाहिला, ओळखीचा वाटला.) वारा आग्नेयेकडून येत होता आणि माझी काळी छत्री, जी देवगडच्या बारा पावसाळ्यांत टिकली होती, तिथे एका झोतात उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या मोडल्या.

हाच वारा आमच्या पावसाचा मूळ पुरुष आहे, हे मैत्रिणीच्या मुलाने तिथे उभ्या उभ्या समजावले. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही मास्कारीन बेटे. त्यांच्या दक्षिणेला समुद्रावर हवेचा जास्त दाबाचा प्रदेश असतो आणि जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, तो जोर धरतो. तिथून निघालेले आग्नेयेचे वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे होऊन आमच्या किनाऱ्यावर येतात. मोठ्या पावसाचा पट्टाही सूर्यामागोमाग जूनमध्ये आमच्याकडे आणि जानेवारीत त्यांच्या बाजूला सरकतो. "मग गेली तेवीस वर्षं," मैत्रीण त्याला मधेच तोडून मला म्हणाली, "मी पाऊस आला की तिकडे आणि गेला की इकडे, अशी उलटी फिरत्येय की काय?" तसे नव्हते खरे तर. ती कोरडा कोकण पाहायची आणि ओल्या बेटावर परतायची. पण मी तिला दुरुस्त केले नाही.

निघायच्या आधी महाशिवरात्र आली. लोक पांढरे कपडे घालून, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन, दोन-तीन दिवस आधीपासून पावसात चालत गंगा तलावाकडे निघाले होते. डोंगरातल्या या तळ्यात १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून ओतले होते. रस्त्याच्या कडेला लोक त्यांना चहा आणि पुऱ्या वाटत होते, आम्हीही दोन तास उभे राहून वाटले. त्याच दिवशी आमच्याकडे कुणकेश्वरची यात्रा होती आणि माझी जन्मात पहिल्यांदा चुकली. यजमानांनी गर्दीतून फोन करून कळवले की आभाळ निवळले आहे, मोहोर वाचला.

मे महिन्यात शाकारणीला गडी आले तेव्हा पडवीच्या पत्र्यांचे सगळे हूक मी काढून नवे लावायला सांगितले, आणि प्रत्येक पत्र्याच्या खालच्या कडेला भोक पाडून त्यातून जाड तार ओवून ती खांबाच्या बुडाशी पिळून घ्यायला लावली. गडी म्हणाला, "वयनी, पाऊस वरसून पडता, खालसून नाय." यजमान ओटीवर बसून हसत होते. मी वाद घातला नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर एकेक तार बोटाने छेडून पाहिली. तिसरी सैल होती.